मजीबिनची घंटा

न्यांऊ, रविवार, २१ ऑक्टोबर २०१८

अको,

फोन तू उचलत नाहीस, तेव्हा कागद. कागद मध्येच बंद तरी करता येत नाही.

बुधवारी ताडिंजूची पुनव. दिव्यांचा सण आला की धाकट्यांनी थोरल्यांपुढे गुडघे टेकून क्षमा मागायची, म्हणून दरवर्षी या दिवसांत मी तुला तेच लिहिते : काया, वाचा, मनाने माझ्या हातून काही चुकलं असेल तर मोठ्या भावाने पोटात घालावं. सतरा वर्षं हे एकच वाक्य पाठवते आहे. चार वर्षांपूर्वी तुझं चियांगमाईहून कार्ड आलं, त्यावर दोनच ओळी होत्या. ‘दरवर्षी तेच काय पाठवतेस? खरं लिहायचं असेल तर लिही, मग उत्तर देईन.’ ते कार्ड आरशामागे खोचलेलं आहे. केस विंचरताना रोज त्याचा कोपरा दिसतो.

आज ते वाक्य लिहीत नाही. आज नुसती बातमी लिहिते.

आपल्या वडिलांची, अफेंची, डावी बाजू गेल्या पावसाळ्यात गेली. हे तुला थेइनच्या आईकडून कळलं असेलच. उजवा हात चालतो, जीभ चालते, आणि जीभ आधीपेक्षा जास्त चालते. मोहिंगा पातळ झाला तर म्हणतात, “मासे धुतलेलं पाणी का देतेस, मासा कुठाय?” तुझं नाव मात्र अजून काढत नाहीत. पागोड्याची किल्ली अजून गावातल्या आपल्याच घरात, त्याच खिळ्यावर. कुणी पाहुणा मजीबिनचा पागोडा बघायला आला तर मी जाते, उघडते, बंद करते. पूर्वी चढत्या चंद्राची पाळी तुझी आणि उतरत्याची माझी असायची. आता दोन्ही पंधरवडे माझेच.

बातमी अशी. काल माझ्याकडे एक पाहुणी आली. पाच दिवस, एकटीच, खाजगी फेरी, थेइनची गाडी. डेन्मार्कची आहे, किर्स्टन नाव, वय अडुसष्ट. तापलेल्या विटांवर अनवाणी चालते आणि तोंडातून हूं की चूं काढत नाही. नवरा गेल्या वर्षी वारला. मी माझी नेहमीची पोपटपंची सुरू केली, कुठल्या राजाने कुठला पागोडा बांधला ते, तर तिने हात वर करून थांबवलं. म्हणाली, “मोठे मी पुस्तकात पाहिलेत. मला एक लहानसा बघायचाय. चिंचेच्या गावाजवळ. आत हिरव्या झिलईच्या फरशा आहेत. दाराला कुलूप असतं.”

चिंचेचं गाव म्हणजे आपलं मजीबिनच. मी म्हटलं, “भूकंपात पडझड झाली. बंद आहे.”

यात खोटं काय आहे? भूकंप झाला, वरचं छत्र पडलं, आणि दार बंद आहे. किल्ली माझ्याच घरी आहे, एवढंच सांगितलं नाही.

थेइनने आरशातून माझ्याकडे पाहिलं. छत्र दीड वर्षापूर्वी परत चढलं, तेव्हा दोरी ओढायला तो माझ्या शेजारीच उभा होता.

तुझी धाकटी न्हमा,
ओन्मार


न्यांऊ, सोमवार, २२ ऑक्टोबर

अको,

कालचं पत्र टाकलं आणि आज हे. तुला वाटेल बाईला झालंय काय.

दुपारी चहाच्या दुकानात बसलो होतो. ती लफे, चहाच्या पानांची कोशिंबीर, खात होती, त्यातल्या मिरच्या वेचून वेचून बाजूला ठेवत होती. मग पर्समधून एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. आत फोटो होता, मागे कुणीतरी गावाची नि कुलपाची खूण इंग्रजीत लिहिलेली.

आपल्या पागोड्याची दक्षिणेची भिंत. गुडघे टेकून हात जोडलेला माणूस, त्याचा तुटलेला कान, कोपऱ्यात भाजण्याआधी उमटलेला कारागिराचा अंगठा. फरशी अजून भिंतीत आहे. म्हणजे फोटो काढायचा आधीचा. असे फोटो व्यापारी मुद्दाम काढतात म्हणे, माल खरा आहे हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून.

फोटोच्या कडेला कुणीतरी मुलगी आहे. तिने दिवा धरलाय. चेहरा अर्धाच आलाय, गालावर तनाखाच्या लेपाचा गोल पट्टा. हातात लाखेचं कडं, काळ्यावर लाल नक्षी.

तसली कडी त्या वर्षी पुष्कळ मुलींच्या हातात होती. मी हल्ली घालत नाही.

किर्स्टनबाई म्हणाली, “माझ्या नवऱ्याने ही बँकॉकच्या दुकानात घेतली. मला वाढदिवसाला. अठरा वर्षं आमच्या जिन्यात होती. तो गेल्यावर कपाट आवरताना हा फोटो सापडला. तोवर मला वाटायचं, कुठल्या तरी पडक्या ढिगाऱ्यातून आली असेल. मग बघितलं, भिंत शाबूत आहे, समोर फुलं ठेवलीत, आणि एक पोरगी दिवा धरून उभी आहे. तेव्हापासून जिना चढवत नाही.”

“फरशी कुठे आहे?” मी विचारलं.

“खोलीत. स्वेटरमध्ये गुंडाळून आणलीय.”

माझी पाचावर धारण बसली. अको, तू घाबरट म्हणायचास मला, पण तूच सांग. जुनी फरशी पाहुणीच्या सामानात, पाहुणी माझी, फेरीच्या कागदावर सही माझी. ती कुठून आली, कुणी नेली, पहिला प्रश्न कुणाला विचारतील? गळ्यातला गाइडचा बिल्ला एका दुपारीत जाईल.

ती पुढे म्हणाली, “मला ती जागच्या जागी ठेवायचीय. आणि ही मुलगी शोधायचीय. आता चाळिशीची असेल. तिला माहीत असेल काय झालं ते.”

“अशा मुली गावोगाव शंभर,” मी म्हटलं.

“शंभर विचारू,” ती म्हणाली. मोठ्या चिकाटीची बाई आहे.

इतक्यात थेइन गाडीची किल्ली घ्यायला आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. मी फोटो पालथा घातला, पण त्याने पाहिलं ते पाहिलंच, आणि स्वेटरमधल्या फरशीचंही ऐकलं. फरशीही ओळखली. लहानपणी आपण तिघं त्या माणसाच्या तुटक्या कानात चिंचोके ठेवायचो. अफे ओरडायचे, “फयाच्या, भगवंताच्या, घरात खेळता होय रे?”

थेइन काही बोलला नाही. थेइन बोलत नाही तेव्हा तो घरी जाऊन आईला सांगणार असतो.

ओन्मार


न्यांऊ, मंगळवार, २३ ऑक्टोबर

अको,

चांगली बातमी आहे. हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस, बसून वाच.

सकाळी मजीबिनला अफेंना भरवून किर्स्टनबाईला घ्यायला निघाले तर अंगणात चपलांची रांग. पागोड्याचे पंच आले होते. ऊ चिट मौं मध्ये, चिरूट ओढत. केवढे थकलेत आता, पण मांडी घालून बसले की अजून न्यायाधीशच वाटतात. दॉ सेइनही होती. ती पंच नाही, पण तिच्यावाचून पंचांचं पान हलत नाही.

ऊ चिट मौं अफेंना म्हणाले, “सान न्युन, फरशी आलीय म्हणे. बा थाऊंने पाठवलीय.”

तुझं नाव ऐकून मी काही बोलायच्या आत दॉ सेइनने दोन अधिक दोन केले. “आमचा बा थाऊं तिकडे थायलंडात. ही बाई आली थायलंडवरून. फरशी आली बाईबरोबर. पोराला उपरती झाली, दुसरं काय? आणि सणाच्या तोंडावर! पोटात कुठेतरी बापाचे संस्कार होतेच.”

मग त्यांनी किर्स्टनबाईला बोलावलं. थेइन जाऊन घेऊन आला. ती स्वेटरचं गाठोडं छातीशी धरून आली आणि शिडीखाली चपला काढल्या, न सांगता. ऊ चिट मौंनी विचारलं, “तुम्हाला ही कुणी दिली?” मी तिला इंग्रजीत सांगितलं. तिने सगळं सांगितलं, नवरा, दुकान, वाढदिवस, फोटो, मुलगी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, “त्या म्हणतात, थायलंडहून आली.”

एवढंच. थायलंडहूनच आली की नाही?

किर्स्टनबाई माझ्याकडे बघत राहिली. तिचं बोलणं चांगलं पाच मिनिटांचं होतं आणि माझं एका श्वासाचं.

गाठोडं उघडलं. अफेंनी उजवा हात पुढे केला आणि त्या माणसाच्या तुटक्या कानावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग म्हणाले, “बा थाऊंला बोलाव.”

अको, अठरा वर्षांत पहिल्यांदा. नावाने.

ऊ चिट मौं म्हणाले, “चूक केली, पण परत केली. उद्या पुनवेला फरशी बसवू. गावाच्या मनात आता काही नाही.” दॉ सेइन डोळे पुसत होती. तिला लगेच तुझं लग्नही ठरवायचं आहे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तुझं तिकडे आहे का कुणी, तेही आम्हाला ठाऊक नाही.

तर ये. सगळं जमलंय. कुणी तुला टोचून बोलणार नाही, बोललं तर मी आहे. थोरल्या माणसाने थोडं पोटात घालावं. अफे किती दिवसांचे, कुणाला ठाऊक? तू येऊन त्यांच्यापुढे गुडघे टेकलेस, एक वाक्य म्हटलंस, की झालं. सगळे म्हणतातच ते वाक्य.

झाकली मूठ झाकलेलीच बरी. फक्त ये.

ओन्मार


न्यांऊ, बुधवार, २४ ऑक्टोबर, पुनव

अको,

कालचं पत्र थेइनने सकाळीच टपालात टाकलं. मी धावत गेले तोवर पेटी रिकामी झाली होती. दोन्ही एकदमच पोचतील. कालचं वाचू नकोस. वाचलं असशील तर फाडून टाक आणि हे वाच.

फोटोतली मुलगी मी आहे. तुला कडं वाचूनच कळलं असेल. तूच केलं होतंस ते, घोड्याच्या केसांवर लाख चढवून, माझ्या एकोणिसाव्या वाढदिवसाला. मी हल्ली घालत नाही असं लिहिलं तेही खोटं. रोज घालत होते. सोमवारी फोटो बघितल्यावर चहाच्या दुकानामागच्या मोरीत जाऊन काढलं आणि लुंगीच्या गाठीत बांधलं. काल पंच गेल्यावर किर्स्टनबाईने माझ्या मनगटाला हात लावला. तिथे कातडी पांढरी आहे. म्हणाली, “परवा इथे काहीतरी होतं ना?” मी म्हटलं, “घड्याळ.” ती म्हणाली, “घड्याळ या हातात आहे.” मला तिची भीती वाटायला लागली होती.

आता तो दिवस लिहिते. तुला अर्धा माहीत आहे, कदाचित सगळा. तरी लिहिते, कारण तू खरं मागितलंस.

पुनवेच्या दोन दिवस आधीची गोष्ट. पाळी तुझी होती. अफे पखोक्कूला गेले होते, अमेच्या, आपल्या आईच्या, वर्षश्राद्धाला भिक्खूंना आमंत्रण द्यायला. तू लाखेची भांडी सुकवायच्या तळघरात होतास. मंडालेचा तो माणूस आला, चकचकीत बूट काढून हातात घेऊन. यांगोनच्या गाइड शिक्षणाच्या जागांसाठी त्याचा वशिला होता आणि ते मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. म्हणाला, “नुसता फोटो काढायचाय. अर्धा तास.” मी खिळ्यावरची किल्ली घेतली. दिवा धरला. फोटो काढल्यावर म्हणाला, “ताई, घसा सुकला. पाणी मिळेल?” मी विहिरीवर गेले. विहीर किती लांब आहे तुला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक असणार. परत आले तर तो पिशवी खांद्याला लावून दारात उभा होता. पाणी प्यायला, माझं नाव एका कागदावर लिहून घेतलं, गेला.

मी आत जाऊन बघितलं नाही. अको, हेच खरं. पिशवी जड दिसत होती आणि मी आत गेले नाही. गेले असते तर ओरडावं लागलं असतं, आणि ओरडले असते तर यांगोन गेलं असतं.

दार ओढलं, कुलूप लावलं. आणि मग हाताने सवयीने ते केलं. लाकूड उचललं आणि घंटेवर तीन टोले दिले. दार उघडून पूजा झाली की तीन टोले द्यायचे, पुण्याचा वाटा ऐकणाऱ्या सगळ्यांना द्यायचा, हे आपल्याला चालायला यायच्या आधी शिकवलेलं. तिसरा टोला पडला आणि शेतातून, अंगणांतून, विहिरीवरून आवाज आले. साधु, साधु, साधु. सगळ्या गावाने त्या चोरीचा वाटा हात जोडून घेतला.

घंटा वाजली नसती तर कुणी कधी उघडलं हे कळलंच नसतं. घंटेमुळे वेळ कळली, वेळेमुळे पाळी कळली. फरशी गेल्याचं कळल्यावर पंचांनी तुला उभं केलं. “घंटा कुणी वाजवली?” मी खांबाआड होते. माझं नाव तुझ्या ओठावर आलेलं मी पाहिलं. तू म्हणालास, “मीच.” बास. त्यानंतर अफेंनी तुझी चटई बाहेर टाकली, आणि महिन्याभराने माझं यांगोनचं पत्र आलं. तू बसमध्ये चढलास तेव्हा मी बांधावर उभी होते. तू काचेतून बघितलं नाहीस. मी बोलवलंही नाही.

जो बिल्ला गळ्यात घालून मी पाहुण्यांना पुण्य म्हणजे काय ते सांगते, तो असा मिळालाय.

आज सकाळी सगळं गाव पागोड्यात जमलं. गवंड्याने चुन्यात फरशी बसवली. अफेंना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. किर्स्टनबाई दाराशी पाय मागे दुमडून बसली होती, आपल्या बायका बसतात तशी. ऊ चिट मौंनी पाणी ओतलं, पाठ झाला. मग म्हणाले, “टोले ओन्मार देईल. तिच्याच भावाचं पुण्य आहे.” आणि घंटेचं लाकूड माझ्या हातात दिलं.

मी घंटेपुढे उभी राहिले. सगळ्यांनी हात जोडले होते, तोंडं अर्धी उघडी, साधु म्हणायला तयार. दॉ सेइनने तर डोळे मिटले होते. तीन टोले, की तू घरी. चोर म्हणून, माफ होऊन, आणि मी तुझ्या पानात भात वाढणार. मला वाटलं मी देईन. हात वरही गेला.

मग लाकूड खाली ठेवलं.

“त्या दिवशीची घंटा बा थाऊंने वाजवली नव्हती,” मी म्हटलं. “मी वाजवली होती.”

कुणाला काही कळेना. दॉ सेइनने डोळे उघडले. “काय म्हणते ही?”

मी गाठीतलं कडं सोडून हातात चढवलं, किर्स्टनबाईकडून फोटो घेतला आणि ऊ चिट मौंच्या पुढ्यात ठेवला. सगळं सांगितलं. विहिरीपर्यंत, पिशवीपर्यंत. काल भाषांतर अर्धंच केलं तेही.

ऊ चिट मौंनी फोटो हातभर लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. बोलली दॉ सेइन. फरशीचं तिला काही नव्हतं. ती उठली, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, “मी शेंगा वेचत होते त्या दिवशी. टोले ऐकले, मातीचे हात जोडले आणि साधु म्हटलं. अठरा वर्षं तो साधु माझ्या खात्यावर आहे होय गं? आमचा साधु परत दे.”

“हो, परत दे,” मागून कुणीतरी म्हटलं. मग दुसरं कुणी. अको, शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. साधु परत कसा देतात, मला माहीत नाही.

अफेंच्या खुर्चीकडे मी बघू शकले नाही. ते फक्त म्हणाले, “घरी न्या मला.” मला नाही म्हणाले. थेइनला म्हणाले.

ओन्मार


मजीबिन, रविवार, ११ नोव्हेंबर

अको,

तुझं उत्तर अजून आलं नाही. पत्रं पोचली की नाही तेही माहीत नाही. तुला उत्तर द्यायचं नसेल तरी हे वाच, कारण यात माझं काही मागणं नाही.

न्यांऊची कामासाठी घेतलेली खोली सोडली. बिल्ला मीच नेऊन दिला, सगळं लिहून, सही करून. सध्या तो एका टेबलाच्या खणात आहे आणि पुढच्या महिन्यात मला पुन्हा बोलावलंय. काय होईल ते होवो. थेइन दुसऱ्या गाइडबरोबर जातो. माझ्याशी बोलतो, पण आरशातून बघितल्यासारखा.

किर्स्टनबाई ठरल्या दिवशी गेली. निघताना मी म्हटलं, तुम्हाला फसवलं, माफ करा. ती म्हणाली, “जिन्यातून येता-जाता अठरा वर्षं मी त्या माणसाला गुड मॉर्निंग म्हणत होते. मी कुणाला काय बोलू?” मग माझ्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणाली, “ते काढू नकोस आता.”

पंचांची बैठक मठात झाली. मोठ्या भन्तेंनी निकाल दिला. किल्ली आपल्या घरातून गेली, अको. सात पिढ्यांनी गेली. आता ती मठात, भन्तेंच्या पाटाखाली आहे. माझ्या हातात ती पुन्हा कधी द्यायची नाही, असं ठरलं, आणि ते बरोबर आहे. पण ऊ चिट मौं म्हणाले, “बा थाऊं स्वतः न्यायला आला तर त्याची किल्ली त्याला द्यायची. त्याच्याकडून आम्ही चुकून घेतली होती.” साधुचं मात्र कुणाला सुचेना. शेवटी भन्ते म्हणाले, ज्याच्या नावावर खोटी घंटा वाजली, त्याने खरी वाजवावी. मग गाव म्हणेल. तोपर्यंत घंटा भगव्या फडक्यात बांधून ठेवली आहे. कुणी पूजा केली तरी टोले नाहीत. दॉ सेइन माझ्याशी बोलत नाही, पण रोज संध्याकाळी फडकं नीट आहे का ते बघून येते, आणि परत जाताना आमच्या शिडीवर ताडगुळाचा खडा ठेवते. अफेंसाठी, असं मोठ्याने म्हणते.

आता अफेंचं.

बारा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी भात भरवायचे, ते खायचे. मोहिंगा पातळ झाला तरी काही म्हणाले नाहीत. मला वाटलं यापेक्षा चटई बाहेर टाकली असती तर बरं. तेराव्या दिवशी सकाळी म्हणाले, “मला खाली बसव. पूर्वेकडे तोंड कर.”

मी चटई घातली, भिंतीला टेकून बसवलं. वाटलं, पाठ म्हणायचा असेल. म्हणाले, “चियांगमाई इकडेच ना?”

“इकडेच. थोडं दक्षिणेला.”

“मग थोडं दक्षिणेला कर.”

मी केलं. त्यांनी उजवा हात छातीशी आणला. डावा मांडीवर पडला होता तसाच. त्याच्याकडे बघून म्हणाले, “तो उचल.”

मला कळेना. “कशाला अफे?”

“एका हाताने मागायची का?” ते म्हणाले. “उचल.”

अको, बापाने मुलापुढे हात जोडलेले मी ऐकलेले नाहीत, कुणीच ऐकलेले नाहीत. मी म्हटलं, थोरल्यांनी असं करू नये, त्याला पाप लागेल. ते म्हणाले, “पंचांनी त्याला एकदा विचारलं. मी बाप, मी एकदाही विचारलं नाही. उचल.” मी त्यांचा डावा हात उचलला, उजव्याला लावला आणि माझ्या दोन्ही हातांनी धरून ठेवला. ते तसेच बसून राहिले. मी विचारलं, किती वेळ? म्हणाले, “तो येईपर्यंत.”

तेव्हापासून रोज सकाळी असंच. दोन-तीन मिनिटांत ते दमतात, मग मी हात खाली ठेवते.

चढता चंद्र सुरू होऊन चार दिवस झाले. पाळी तुझी आहे. मी माफी मागत नाही, ती तू देशील तेव्हा देशील, नाही दिलीस तरी चालेल. पण अको, त्यांचा हात फार जड आहे, आणि माझ्या एकटीच्याने फार वेळ धरवत नाही.

ओन्मार